बावन्न पुस्तकांचा नेम

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारूरच्या बाजारात वांगी निवडत होते. पुतण्याचा नंबर दिसला आणि मला कळलंच, कारण तो एरवी मला फोन करत नाही. “आत्या, अण्णा गेले,” एवढंच म्हणाला. माझा थोरला भाऊ दोन वर्षं अंथरुणावर होता, एक बाजू लुळी पडली होती, तेव्हा मोठा धक्का बसला वगैरे मी म्हणणार नाही. हातातली वांगी परत टोपलीत ठेवली. भाजीवाली म्हणाली, “कावून ओ बाई, चांगली न्हाईत व्हय?” मी म्हटलं, “चांगली हायत. भाऊ गेला माझा.” ती बिचारी तागडी हातात धरून तशीच उभी राहिली. मग एसटी, मग दिंद्रुडच्या अलीकडचा फाटा, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून गाव. त्या वाटेत मला रडू आलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की या बाईला भावाचं काही नव्हतंच.

पंधरवड्यानं सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. अण्णा गावच्या विकास सोसायटीचे वर्षानुवर्षं चेअरमन, एकदा साखर कारखान्याच्या संचालक मंडळावरही जाऊन आलेले, त्यामुळे खुर्च्या कारखान्याकडून आल्या, माइक आला, आणि भाषणं करणारेही तिकडूनच आले. टेबलावर अण्णांचा हार घातलेला फोटो आणि फोटोपुढं पुस्तकांची चळत. बावन्न पुस्तकं. ऊस तोडून मोळ्या रचाव्यात तशी रचलेली. एक पुढारी म्हणाले, अण्णांनी वंचितांचं दुःख काळजात साठवलं. दुसऱ्यांना ते कमी वाटलं असावं. ते म्हणाले, आपल्या या दुष्काळी मातीत बसून या माणसानं आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंतच्या काळ्या माणसाचे अश्रू पुसले. अश्रू पुसले म्हणे! अण्णांनी पुसले ते स्वतःचे, आणि तेही मी धुऊन ठेवलेल्या टॉवेलनं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणून मान हलवली. आता एका दैनिकाच्या पुरवणीच्या संपादकांनी भावाच्या आठवणी लिहून मागितल्या आहेत... घसा ठीक आहे माझा.

आधी त्याचं देणं सांगते. मी सातवी पास झाले तेव्हा आमच्या वडलांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. जमीन बरी होती, मुलगा बरा होता, माझ्या पुढच्या शिक्षणाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. अण्णा तेव्हा विशीतला. तो वडलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “शालू शिकंल. तुमाला नको आसंल तर मी शिकवीन.” आमच्या घरात वडलांपुढं असं कुणी बोललेलं नव्हतं. पुढं मॅट्रिकच्या परीक्षेला केंद्र लांब पडलं तर आठ दिवस त्यानं मला सायकलवर डबलसीट नेलं, आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिला. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले, ते त्या सायकलमुळं. वाचायची गोडीही त्यानंच लावली. गावच्या वाचनालयातून एक पुस्तक आणायचा, आधी स्वतः वाचायचा, मग माझ्या पुढ्यात टाकायचा. म्हणून तर मला त्याचा एवढा राग येतो. गावातल्या बाकीच्या पुढाऱ्यांकडून मी कसलीच अपेक्षा केली नाही, त्यामुळे ते माझ्या हातून सुटले.

आता त्या नेमाची गोष्ट, पंधरा वर्षांमागची. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. कारखान्याची चिमणी त्या हंगामात पेटलीच नाही. माणसं कोयते घेऊन लांबच्या कारखान्यांवर निघून गेली आणि गावात म्हातारी, पुढारी आणि कुत्री उरली. वहिनीचं मांडीचं हाड मोडलं म्हणून घर सांभाळायला मी शाळेतून रजा काढून होळीच्या आधीच माहेरी येऊन राहिले होते. सोसायटीत काम नाही, शेतात काम नाही, त्यामुळे अण्णा दिवसभर ओसरीवर आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसायचे. वाचनालय सोसायटीच्या गोदामावरच्या खोलीत होतं आणि ते छाया सांभाळायची. छाया ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. तिनं ग्रंथपालनाचा कोर्स केला होता आणि सरकारी अनुदानासाठी तसा माणूस कागदावर लागत होता, म्हणून सोसायटीच्या वाचनालय समितीनं तिला घेतलं. समितीची कल्पना अशी की पोरगी झाडलोट करील आणि सही करील. तिनं सगळी पुस्तकं वाचून काढली.

अण्णांना बढाई मारायची खोड होतीच. एक दिवस वाचनालयात चार माणसांत म्हणाले, “ह्या लायब्ररीतलं एक पुस्तक मी सोडलेलं न्हाई.” छाया रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाली, “एक कपाट सोडलंय की, अण्णा.” ते खरंच होतं. आमच्या वाचनालयात पुस्तकं विषयानुसार लावत नसत. लेखकाच्या आडनावावरून लावत. असं कुणी ठरवलं, विचारू नका. कुणी ठरवलंच नाही, तशी ती लागत गेली. देशमुख, कुलकर्णी, जोशी, पाटील दर्शनी कपाटात, काचेच्या मागं. ज्या आडनावांवरून माणूस ओढ्यापलीकडचा वाटेल, डोंगरातला वाटेल, पालावरचा वाटेल, ती दाराआडच्या लोखंडी कपाटात. भाषांतरित पुस्तकांतही तोच न्याय. गोरा लेखक काचेच्या मागं, काळा लेखक दाराआड. अनुदानाबरोबर सरकारनं पाठवलेली ती पुस्तकं तपासणीच्या दिवशी बाहेर यायची आणि साहेबांची गाडी फाट्याला लागली की परत आत जायची.

अण्णांना ते झोंबलं. आठ दिवसांवर पाडवा होता. पाडव्याला त्यांनी सोसायटीसमोर जाहीर केलं की या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ते फक्त दाराआडच्या कपाटातलं वाचणार. आठवड्याला एक, वर्षाला बावन्न. आपले दलित, आदिवासी, भटके, आणि आफ्रिका-अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जी काही भाषांतरं असतील ती. “नेम म्हंजे नेम,” म्हणाले. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. तहानेनं गाव कासावीस झालेलं आणि चेअरमननं पुस्तकं वाचायचं जाहीर केलं म्हणून टाळ्या! मी घरी आल्यावर म्हटलं, “अण्णा, आठवड्याला एक एकर नांगरल्यासारखं सांगता की हो.” ते हसले. माझ्या टोमण्यांना ते नेहमीच हसायचे.

आणि तो नेम त्यांनी खरंच व्रतासारखा पाळला. अंघोळ करून, गंध लावून पुस्तक हातात घ्यायचे. प्रत्येक पुस्तकाला आधी वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. मी विचारलं, कव्हर कशाला? तर पुस्तक मळू नये म्हणून, म्हणाले. काचेच्या कपाटातल्या पुस्तकांना त्यांनी उभ्या जन्मात कव्हर घातलेलं मी बघितलं नव्हतं. ओसरीवर माणसं येऊन बसायची, ती “काय वाचताव अण्णा?” म्हणून वाकून बघायची, आणि त्यांना अण्णांच्या हातात पावसाच्या अंदाजाची बातमी दिसायची.

सगळ्यात मोठी करमणूक झाली ती आडनावांची. त्यांच्या नेमात कोण बसतं आणि कोण बसत नाही हे ठरवायला अण्णांना लेखकाची जात लागायची. नाहीतर मोजायचं कसं? एका बाईचं पुस्तक छायानं दिलं, आडनाव पाटील. अण्णांनी ते परत केलं. “ही आपल्यातली हाय. नेमात बसत न्हाई.” छाया म्हणाली, “बसतंय अण्णा. पाड्यावरच्या हायत त्या, आदिवासी.” अण्णांचा विश्वास बसेना. त्यांनी तालुक्याला फोन केला, एका प्राध्यापकाला विचारलं, त्यानं आणखी कुणाला विचारलं, आणि चौथ्या दिवशी पाटीलबाई आदिवासी असल्याचं पक्कं झालं, तेव्हा त्यांनी पुस्तक उघडलं. उलटंही झालं. वस्तीतलं वाटेल अशा आडनावाच्या एका लेखकाचं पुस्तक वाचून ते दोन दिवस हळहळत होते. मग कळलं की तो मनुष्य चांगल्या खात्यापित्या वरच्या घरातला. झालं! अण्णांनी ते पुस्तक हिशेबातून काढून टाकलं, आणि आधीची हळहळही बहुतेक परत घेतली. पाव्हण्याला पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारायची आमच्याकडची रीत. तीच रीत घेऊन हा माणूस जातीपलीकडं निघाला होता. सोयरीक जुळवतानाही आमच्या घरात एवढे फोन झाले नव्हते.

आता विहिरीचं सांगायला हवं. आमच्या घराच्या उजव्या अंगाला, ओसरीपासून तीस पावलांवर, आमची विहीर. सातबाऱ्यावर अण्णांचं एकट्याचं नाव. ती आटली होती, पण पक्की बांधलेली होती म्हणून तहसीलनं त्या उन्हाळ्यात टँकरसाठी ताब्यात घेतली. सकाळी नऊच्या सुमाराला टँकर यायचा, पाणी विहिरीत सोडायचा, आणि गाव ते शेंदून न्यायचं. आमच्या आळीतल्या बाया आपापला दोर आणून स्वतः शेंदायच्या. वस्तीतल्या बायांसाठी सोसायटीनं धोंडिबा नावाचा म्हातारा ठेवला होता. त्या कट्ट्याखाली कळश्या ओळीनं मांडायच्या, तो वरून पोहऱ्यानं ओतायचा. कडेला एखादी तहानलेली पोर असली तर ती ओंजळ धरायची. याला गावात कुणी शिवाशिव म्हणत नव्हतं. शिवाशिव कधीच गेली, असं सगळे सांगायचे. याला ‘व्यवस्था’ म्हणायचे. फार हात लागले की पाणी गढूळ होतं, म्हणून ही व्यवस्था. आमच्या आळीच्या हातांनी पाणी गढूळ कसं होत नाही, हे विचारायचं नव्हतं.

वैशाखात एका सकाळी अण्णा अमेरिकेतल्या एका काळ्या बाईच्या आठवणी वाचत होते. मी आत वहिनीचे केस विंचरत होते. एकदम हुंदका ऐकू आला म्हणून बाहेर आले तर अण्णा रडत होते. खरे रडत होते, ढोंग नव्हतं ते. म्हणाले, “शालू, आगं नळ वेगळे होते त्यांचे. प्यायच्या पाण्याचे नळ! गोऱ्याचा वेगळा, ह्यांचा वेगळा. आन् त्या लेकरानं नळाला हात लावला म्हणून...” त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. त्यांच्या पाठीमागं, तीस पावलांवर, धोंडिबा पाणी ओतत होता आणि त्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, “अण्णा, मागं वळून बघा की.” ते वळले. नीट बघितलं. मग म्हणाले, “कोण आलंय? कोणी दिसत न्हाई की.” मी म्हटलं, “धोंडिबा काय करतोय?” “पाणी वाढतोय,” म्हणाले, आणि पान उलटलं.

तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

उन्हाचं अण्णांना गोदामापर्यंत चालवेना, म्हणून छाया भर दुपारी पुस्तक घरी आणून द्यायची. ओसरीच्या पायरीशी उभी राहून द्यायची. ते नळाचं पुस्तक परत न्यायला आली तेव्हा अण्णांनी तिला सगळं सांगितलं, कुठं रडू आलं, किती रडू आलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “अण्णा, त्या पोरीनं नळाला हात लावला तवा तुमाला रडू आलं म्हनता. मग उद्या मी दोराला हात लावू का?” तिचा आवाज साधाच होता, घरी न्यायला पुस्तक मागावं तसा. मी दारात होते. अण्णांनी पुस्तक एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. “माझं काय न्हाई गं,” म्हणाले. “पण गावाचा इषय हाय. सोसायटीत ठराव घ्यावा लागंल.”

स्वतःच्या विहिरीचा दोर एका मुलीच्या हातात द्यायला ठराव! पण सहकारात वाढलेल्या माणसाला हात हलवायचा म्हटला तरी सूचक आणि अनुमोदक लागतो. अण्णांनी खरंच विषय मांडला, हेही सांगते, कारण ते खरं आहे. संचालकांच्या बैठकीत म्हणाले, वस्तीच्या बायांनी आपलं आपण शेंदावं असं मी सुचवतो. सूचक ते स्वतःच. अनुमोदक मिळेना. एकानं चष्मा पुसला, एकानं चहाचं काय झालं विचारलं. अनुमोदन देऊ शकेल असा एक माणूस संचालक मंडळात होता, राखीव जागेवरचा, वस्तीतलाच. पण त्याला बैठकीला बोलवायची पद्धत नव्हती. त्याची सही नंतर घरी जाऊन आणत. चहा झाला आणि विषय बारगळला. अण्णा घरी येऊन म्हणाले, “मी माझं केलं.” मी म्हटलं, “विहीर तुमच्या नावावर हाय, अण्णा.” तर म्हणाले, “तुला गाव कळत न्हाई, शालू. तू मास्तरीण. एकटा माणूस काय करणार?” मी म्हटलं, “वाचणार.” या वेळी मात्र ते हसले नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी छाया कळशी घेऊन विहिरीवर आली. वाचनालयात जाताना नेसायची ती इस्त्रीची साडी होती अंगावर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. धोंडिबा म्हणाला, “ठिव खाली, ओततो.” ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या काका, मी घेते.” कट्ट्यावर चढली, आमच्या आळीतल्या बाया बाजूला सरल्या, तिनं धोंडिबाजवळचा दोर धरला, पोहरा सोडला, ओढला, कळशीत ओतला. एकच पोहरा. दोर होता तसा अडकवला आणि कळशी कमरेवर घेऊन निघून गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी अडवलं नाही. धोंडिबा तोंड उघडं ठेवून उभा. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं तर हे.

दुपारी सात-आठ जण ओसरीवर येऊन बसले. “चेअरमन, आता तुमीच सांगा,” म्हणाले. एकजण जास्तच तापलेला होता, “कावून हात लावला बे तिनं? इतके दिस पाणी मिळत न्हवतं का?” अण्णांच्या मांडीवर कव्हर घातलेलं पुस्तक होतं. ते म्हणाले, “चुकून झालं आसंल. पोरगी हाय, ध्यानात न्हाई आलं.” छायाला बोलावणं गेलं. ती आली आणि अंगणात उन्हात उभी राहिली. अण्णांनी विचारलं, “छाया, चुकून धरला ना दोर?” मी त्यांचा आवाज ओळखते. ते तिला विनवत होते. हो म्हण, म्हणजे तू सुटशील आणि मीही सुटेन, असं त्या आवाजात होतं. ती म्हणाली, “न्हाई अण्णा. ठरवून गेलते.”

तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि शेवटी माझ्याकडं बघितलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तिनं मला अनेकदा सांगितलं होतं की बाई, तुमच्याशी पुस्तकांबद्दल बोलायला बरं वाटतं. अठ्ठावीस वर्षं मी वर्गात समता शिकवली होती, फळ्यावर सुविचार लिहिले होते. मला फक्त म्हणायचं होतं की विहीर आमची आहे आणि पोरगी उद्याही येईल. वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हटलं, “साखर बघते,” आणि आत गेले. चहात साखर होती.

आठवड्याभरात सोसायटीनं ठराव केला की टंचाईच्या परिस्थितीमुळं वाचनालय तात्पुरतं बंद ठेवावं. पाण्याचा आणि वाचनालयाचा संबंध काय, ते त्यांनाच ठाऊक. या वेळी अनुमोदक लगेच मिळाला. राखीव जागेवाल्याची सही घरून आली. अण्णांनी अध्यक्ष म्हणून खाली सही केली. छायाचं काम गेलं. ती वडवणीला मावशीकडं निघून गेली. पण चेअरमनचा नेम मोडायला नको ना! म्हणून दाराआडचं ते लोखंडी कपाट दोन गड्यांनी ट्रॅक्टरवर चढवून आमच्या ओसरीवर आणून ठेवलं. पुस्तकं आली, पुस्तकं देणारी गेली, आणि अण्णांनी पुढच्या पाडव्यापर्यंत बावन्न पुरी केली. सत्काराला कारखान्याचे साहेब आले. शाल, श्रीफळ, फोटो. तोच फोटो शोकसभेत हार घालून टेबलावर होता. मी सत्काराला गेले नाही, आणि नंतर दोन वर्षं माहेरची पायरी चढले नाही. लोकांना वाटलं मी मानी आहे. मी तोंड लपवत होते.

शोकसभेनंतर पुतण्या मला फाट्यावर सोडायला आला. सहज म्हणाला, “आत्या, पडायच्या आधी अण्णा दोन-तीनदा एकटेच वडवणीला गेलते. कावून गेलते, कुणालाच सांगितलं न्हाई.” मला कळलं ते कुठं गेले असणार. तरी महिनाभर मी टाळलं. मग गेल्या सोमवारी गेले.

छायानं वडवणीत पोरापोरींसाठी अभ्यासिका काढली आहे. दोन खोल्या, लांब बाकं, भिंतीला पुस्तकं. ती विषयानुसार लावलेली आहेत, मी आत शिरल्याबरोबर बघितलं. पाठीमागं तिचं घर. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. मला बघून तिला नवल वाटलं नाही. अण्णा गेल्याचं तिला कळलं होतं. मी विचारलं, “इथं आले होते का गं?” म्हणाली, “तीनदा.”

“माफी मागितली?”

“न्हाई. पहिल्यांदा आले तवा पुस्तकं बघितली, बसले, गेले. पाणी इचारलं तर म्हनले, उपास हाय. म्हनलं, उपासाला पाणी चालतंय की. तर म्हनले, लई कडक हाय. दुसऱ्यांदा बी तसंच.” ती जराशी हसली. “तिसऱ्यांदा मात्र त्यांनीच मागितलं. स्टँडवरून चालत आलते, ऊन म्हंजे... हाश्शहुश्श करत बसले आन् म्हनले, छाया, पाणी दे.”

“दिलंस?”

“दिलं की. कळशी आणली. म्हनलं, अण्णा, ओंजळ धरा.”

मी विचारलं, “राग काढलास?”

“राग न्हवता, बाई. खरं सांगते. इतकं वाचलं माणसानं, रडला बी, पण वाचून काय त्यांना कळत न्हवतं. म्हनलं, हातानं कळतंय का बघू.” तिनं उंबऱ्याकडं बोट दाखवलं. “त्यांनी बघितलं माझ्याकडं. लई येळ बघितलं. मग खाली बसले, त्या उंबऱ्यापाशी, आन् धरली ओंजळ. मी वरून ओतलं. निम्मं धोतरावर सांडलं. सवय न्हवती ना. परत धरली, मी परत ओतलं. पोटभर पिले. तोंड पुसलं आन् म्हनले, ‘आसं आसतंय व्हय हे.’ एवढंच. मग गेले. पुढच्या महिन्यात पडले म्हणून कळलं.”

मी तिच्या घरातल्या खुर्चीत बसून रडले. किती वेळ, ते सांगत नाही. भावासाठी रडले, खरंच रडले. सत्तरी ओलांडलेला माझा भाऊ, शाल-श्रीफळवाला चेअरमन, एका उंबऱ्याशी उकिडवा बसलेला मला दिसत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटत होता की कीव येत होती, ते कळत नव्हतं. उशीर झाला होता. फार उशीर. विहिरीवरचा धोंडिबा मेला, ती व्यवस्थाही पुढं नळ आल्यावर आपोआप गेली, कुणीही काहीही न करता. पण तो गेला तिथवर, आणि बसला खाली.

छाया उठली. आत गेली आणि कळशी घेऊन आली. दुसऱ्या हातात स्टीलचा पेला होता, घासूनपुसून चकचकीत. ती माझ्यासमोर उभी राहिली. टोमणा नव्हता तिच्या आवाजात, आलेल्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं.

“बाई, तुमाला कसं देऊ?”

मी माझ्या हातांकडं बघितलं. उंबऱ्याकडं बघितलं. गुडघे दुखतात माझे, खाली बसवत नाही, हे मनाशी म्हणून बघितलं...

मी पेला मागितला.